वेंगुर्ल्याची माणसं मोजताना

१९०१च्या जनगणनेत वेंगुर्ले शहराची लोकसंख्या १९ हजार होती, मालवणची साडेएकोणीस हजारांवर. २०११च्या जनगणनेत मालवण साडेअठरा हजारांवर आलं आणि वेंगुर्ले बारा-साडेबारा हजारांवर. मधल्या ११० वर्षांत देशाची लोकसंख्या पाचपट झाली. नगरपालिकांच्या हद्दी मागेपुढे होत असतात, त्यामुळे इतक्या लांबच्या दोन आकड्यांची तुलना जपून करावी लागते. पण ती खबरदारी घेऊनही एवढं म्हणता येतं की वेंगुर्ले शंभर वर्षांत वाढलं नाही, आटलं. महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांबद्दल लिहिताना ‘वाढती वस्ती, अपुऱ्या सोयी’ हा एकच सूर लावायची आपल्याला सवय आहे. तळकोकणातल्या या गावांना तो सूर लागू पडत नाही. त्यांची एकूण बेरीज वाढत नाही, बेरजेच्या आतली माणसं मात्र बदलत राहतात. आणि सरकारी योजना आखल्या जातात त्या बेरजेकडे बघून.

वेंगुर्ले आटलं ते आधी बंदरामुळे. डचांनी सतराव्या शतकात इथे वखार घातली, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. इंग्रजी अमलात बेळगावचा लष्करी तळ आणि त्यामागच्या मुलखातला व्यापार आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर यायचा. १८७६मध्ये इथे नगरपालिका झाली ती त्याच व्यापाराच्या बळावर. पुढच्या दहा-बारा वर्षांत कॅसलरॉकवरून मुरगावला रेल्वे उतरली आणि घाटमाथ्यावरचा माल तिकडे वळला. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाव भरलेलं होतं, कारण मुंबईच्या आगबोटी बंदराला लागत होत्या आणि त्यांच्या भोवती पडाववाले, हमाल, गाडीवान, खानावळवाले पोट भरत होते. मग आगबोटीही बंद पडल्या. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा रूळ कुडाळ आणि सावंतवाडीकडून गेले, महामार्ग आधीपासूनच तिकडून होता. वेंगुर्ले दोन्हींपासून पंचवीसेक किलोमीटर बाजूला राहिलं. बाजारपेठ कुडाळ-कणकवलीकडे सरकली, वेंगुर्ल्यात तालुक्याची कचेरी, महाविद्यालय, रुग्णालय आणि मासळीबाजार राहिला.

अशा गावाला शहर म्हणावं का, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. जनगणनेच्या लेखी शहरं दोन तऱ्हेची असतात. जिथे नगरपालिका, नगरपंचायत, महानगरपालिका किंवा छावणी मंडळ आहे ते कायद्याने शहर. दुसरं ‘जनगणना शहर’, म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचाच, पण वस्ती ५,००० किंवा अधिक, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. २००१मध्ये देशात अशी १,३६२ जनगणना शहरं होती, २०११मध्ये ती ३,८९४ झाली. त्या दशकात भारतात शहरीकरण झालं असं आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या कागदी बदलाचा आहे. माणूस आपल्या घरातून हललाही नाही आणि ग्रामीणचा शहरी झाला.

राज्याचा कायदा आणखी वेगळी मापं लावतो. महाराष्ट्रात ‘क’ वर्ग नगरपालिकेसाठी २५ हजार लोकसंख्येची अट आहे. वेंगुर्ले त्या अटीच्या निम्म्यावर आहे, पन्हाळा तर तीन हजारांच्या आसपास, आणि दोन्हीकडे नगरपालिका आहे, कारण ती जुनी आहे. उलट अकलूजची वस्ती चाळीस हजारांवर गेली तरी तिथे २०२१पर्यंत ग्रामपंचायतच होती. २०१४मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या मुख्य गावांना नगरपंचायत द्यायचं ठरवलं आणि कालपर्यंत ग्रामसभेत बसणारी गावं एका अधिसूचनेने शहरी झाली. गाव की शहर हे ठरण्यात इतिहास, राजकीय वजन आणि अनुदानाचं गणित यांचा भाग मोठा असतो. ग्रामपंचायत राहिली तर रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुलाचा पैसा मिळतो. नगरपंचायत झाली की घरपट्टी वाढते आणि बांधकामाला परवानग्यांचा ससेमिरा लागतो. म्हणून कित्येक गावांनी नगरपंचायतीला विरोध केला, आणि त्यांचा तो हिशेब चुकीचा नव्हता.

व्याख्येतली एक अट मला विशेष खटकते. शेतीबाहेरचं काम मोजताना जनगणना फक्त पुरुषांचं काम बघते. सिंधुदुर्गात ही अट लावून बघा. वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या पट्ट्यात काजू प्रक्रियेचे कारखाने आहेत. तिथे बी भाजून किंवा उकडून झाली की फोडणं, सालं काढणं, गराची प्रतवारी ही कामं जवळजवळ सगळी बायका करतात. किनाऱ्यावर मासे पुरुष आणतात, पण बाजारात बसून विकतात त्या बायका. सुकी मासळी, कोकमं, लोणची-पापड, बचत गटांची खानावळ हे सगळं शेतीबाहेरचंच काम आहे. जिल्ह्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त, गावातला निम्मा व्यवहार त्यांच्या हातावर, आणि गाव शहर झालं की नाही हे ठरवायला त्यांच्या कामाचा आकडा लागतच नाही. कोकणातली वस्ती वाड्यावाड्यांनी पसरलेली असते, त्यामुळे घनतेची अटही इथे अडते. २०११मध्ये सिंधुदुर्गाची शहरी लोकसंख्या साडेबारा टक्के निघाली, राज्याची ४५ टक्के. हा जिल्हा इतका ग्रामीण का दिसतो, याचं थोडं उत्तर या मोजपट्टीतच आहे.

आता माणसं गेली कुठे, त्याकडे वळू. १८८१मध्ये मुंबई शहराची लोकसंख्या ७ लाख ७३ हजार होती आणि त्यातले सव्वा लाख लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९२१पर्यंत मुंबई पावणेबारा लाखांवर गेली आणि रत्नागिरीत जन्मलेल्यांचा वाटा पाचवा हिस्सा झाला. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग येत होता, सावंतवाडी संस्थान तेवढं वेगळं. गिरण्या, गोदी, पोलीस, पोस्ट, घरकाम यांपैकी ज्या कामाला हात लागले तिथे कोकणी माणूस गेला. पण तो एकटा गेला. गिरणगावातल्या एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे, बायको-मुलं आणि म्हातारी गावाला. पगार झाला की मनीऑर्डर यायची. गावात भात पिकायचं ते दोन-चार महिने पुरेल एवढं, वरचं सगळं त्या मनीऑर्डरीवर. मुंबईत गावाची मंडळं निघाली आणि गावच्या शाळेची कौलं, देवळाचा जीर्णोद्धार, धर्मशाळा त्यांच्या वर्गणीतून झाल्या.

१९८२च्या गिरणी संपाने ही व्यवस्था मोडली. हजारो कामगार देशोधडीला लागले. काही गावी परतले, पण त्यांच्या मुलांनी गाव धरलं नाही. आता जाणारा एकटा जात नाही. लग्न झालं की जोडपं जातं, मुलं तिकडच्या शाळेत घालतात, आणि मग गावाकडे वळणारा पैसा डोंबिवलीतल्या किंवा विरारमधल्या फ्लॅटच्या हप्त्यात जातो. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्ष कमी झाली. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर, आणि तिसरा जिल्हा मुंबई शहर, ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांवर गेला. हे आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. लालबाग-परळची चाळ आणि वेंगुर्ल्याचं कौलारू घर एकाच कुटुंबाची दोन टोकं होती. दोन्ही टोकं एकाच दशकात रिकामी झाली आणि माणसं मधल्या नव्या उपनगरांत गेली.

मराठी वाचकाला हे स्थलांतर आकड्यांआधी साहित्यातून भेटलं आहे. वेंगुर्ले तालुका लेखकांचा. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले, चिं. त्र्यं. खानोलकर तालुक्यातल्या बागलांची राई या गावी, जयवंत दळवी आरवलीचे. तिघांचं लेखन बहरलं ते मुंबईत. खानोलकरांनी कुडाळला खानावळ चालवून पाहिली आणि अखेर मुंबई गाठली. दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’ने आरवली घरोघरी नेली, ती मुंबईत बसून. तालुक्यातून बाहेर गेलेल्यांत कशी माणसं होती, याची चुणूक या तीन नावांत दिसते. शिरोड्याला अठरा वर्षं शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकरसुद्धा १९३८मध्ये कोल्हापूरला गेले.

पुरुष गेल्याची खूण स्त्री-पुरुष प्रमाणात दिसते. २०११मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६, रत्नागिरीत १,१२२. सभांमधून हा आकडा कोकणाच्या संस्कृतीचं भूषण म्हणून सांगितला जातो. तो तसा वाचायचा नसतो. हजारामागे १,१२२ स्त्रिया याचा अर्थ शंभरसव्वाशे पुरुष मोजणीच्या वेळी दुसऱ्या गावात होते. मुलींना इथे मान आहे की नाही, हे बघायचं तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्रमाण बघावं लागतं, कारण एवढी लहान मुलं एकटी कामाला जात नाहीत. सिंधुदुर्गात ते ९२२ होतं. राज्याच्या ८९४पेक्षा बरं, बीडच्या ८०७पेक्षा खूपच बरं, पण निसर्गतः जे साडेनऊशेच्या आसपास असायला हवं त्याहून कमी, आणि २००१च्या मानानेही घसरलेलं. म्हणजे गर्भलिंगनिवड इथेही शिरली आहे, मोठ्या आकड्याच्या आडोशाने ती दिसत नाही इतकंच. शिवाय एकूण प्रमाणही २००१च्या १,०७९वरून १,०३६वर उतरलं. ही उतरण वाईट बातमी असेलच असं नाही. पुरुष एकटा जाण्याऐवजी कुटुंब घेऊन जाऊ लागला की प्रमाण असंच खाली येतं.

वयाचं चित्र याहून बोलकं आहे. राज्याचा एकूण जननदर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ निघाला. पिढी टिकायला २.१ लागतो. कोकण या वाटेवर राज्याच्या पुढे आहे, आणि त्यात तरुण जोडपी बाहेर. मग शाळांचे पट घसरतात. डिसेंबर २०१७मध्ये सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून जवळच्या शाळेत मुलं हलवायचं जाहीर केलं, तेव्हा सर्वांत मोठी धास्ती कोकणातल्या वाड्यांना बसली. चौथीपर्यंत चार मुलं आणि दोन शिक्षक अशी शाळा इथे नवलाची नाही. त्याच वेळी बँकेत पेन्शनच्या दिवशी रांग वाढते, औषधांच्या दुकानात रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची उधारीची वही जाड होते. शाळेचं रिकामं झालेलं दालन आणि म्हाताऱ्यांना दिवसा बसायला, तपासून घ्यायला नसलेली जागा या दोन गोष्टी एकाच गावात असतात. पण शाळा शिक्षण खात्याची, म्हातारे समाजकल्याणचे आणि आरोग्य तिसऱ्याचं. एका इमारतीत तिघांना बसवण्याइतकी साधी गोष्ट होत नाही, कारण गावाची वयवार यादी कुणाच्याही टेबलावर नसते.

एक घर जवळून बघू. असं घर वेंगुर्ल्यात शोधायला लागत नाही. पडवी, माजघर, मागे विहीर, अंगणात तुळस, थोडी माडांची बाग. घरात ऐंशीच्या आसपासची आजी आणि तिची विधवा सून. रेशनकार्डावर सात नावं आहेत, कारण मुंबईला गेलेल्या धाकट्याने नाव कमी केलेलं नाही. मतदारयादीत पाच, कारण एक नात परदेशी आणि एक अजून अठराची नाही. घरपट्टी दोन भावांच्या नावे अर्धी-अर्धी. गॅसचा सिलिंडर दोन-अडीच महिने पुरतो. चतुर्थीला याच घरात चौदा-पंधरा पानं उठतात आणि विहिरीचा पंप दिवसभर चालतो. प्रगणक येऊन विचारतो, घरात कोण कोण राहतं? आजी सांगते, ‘झील मुंबैक आसा, चवतीक येतलो.’ प्रगणकाला दोन माणसं लिहावी लागतात. नियमाप्रमाणे त्याचं बरोबर आहे. आजीचंही बरोबर आहे.

हा नियम समजून घेतला पाहिजे, कारण सगळं त्यावर उभं आहे. आपली जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या जागी मोजते. पण मोजणीच्या संपूर्ण काळात तो तिथे नसेल तर जिथे सापडेल तिथे मोजते. २०११मध्ये हा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता आणि १ मार्चची मध्यरात्र ही प्रमाण वेळ. कोकणात फेब्रुवारी हा सर्वांत मोकळा महिना. गणपती होऊन गेलेले, शिमगा अजून यायचा, मे महिन्याची सुट्टी लांब. चाकरमानी मुंबईत मोजला जातो, यात गैर काही नाही. बीडमध्ये याच नियमाने घोळ होतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इकडचे ऊसतोड मजूर दिवाळीनंतर निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. फेब्रुवारीत ते कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात पालं टाकून असतात. घर, रेशन, शाळा, मत सगळं बीडला आणि नियमाने मोजणी फडात. त्यांच्या गावाला वर्षातले सहा महिने जेवढी माणसं सांभाळावी लागतात तेवढी जनगणनेत दिसत नाहीत. फेब्रुवारीचा महिना हवामानाला आणि शिक्षकांना सोयीचा म्हणून निवडला जातो. हंगामी स्थलांतराच्या प्रदेशांना तो सर्वांत गैरसोयीचा आहे.

मग कोकणात फेब्रुवारीला असतात कोण? आंब्याच्या बागांमध्ये मोहोर आलेला असतो आणि बागांची राखण करायला नेपाळी माणसं झोपड्या बांधून असतात. मच्छीमारी नौकांवर खलाशी म्हणूनही नेपाळी तरुण आता सर्रास दिसतात. चिऱ्यांच्या खाणी आणि बांधकामं उत्तर कर्नाटकातल्या मजुरांवर चालतात, फरशी-रंगकाम उत्तर प्रदेश-बिहारच्या कारागिरांवर. दोडामार्गात केरळमधून आलेल्यांनी रबराच्या लागवडी केल्या आणि ते तिथेच स्थायिक झाले. पेठेत राजस्थानी दुकानदारांची दुसरी पिढी अस्सल मालवणी बोलते. बेरीज वाढत नाही आणि आतली माणसं बदलतात, ती अशी. यांतल्या पुष्कळांचं नाव इथल्या कुठल्याच यादीत नसतं. कानडी मजुराच्या मुलाला शाळेत घालताना वर्गात जागा भरपूर असते. पण घरात कानडी, शाळेत मराठी आणि अंगणात मालवणी अशा तीन भाषांमधून त्याला एकट्याने वाट काढावी लागते. पट टिकवायचा असेल तर याच मुलांना धरून ठेवलं पाहिजे. काही शिक्षक ते स्वतःच्या जीवावर करतात, त्यांना त्यासाठी वेगळं प्रशिक्षण मात्र नाही.

नेमका हिशेब जन्म-मृत्यूच्या नोंदीतूनही मिळत नाही. कायद्याने जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते. तळकोकणातल्या अवघड बाळंतिणी, अपघाताचे आणि हृदयविकाराचे रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. त्यामुळे वेंगुर्ल्याचं बाळ गोव्याच्या नोंदवहीत जन्मतं आणि वेंगुर्ल्याचा माणूस कधी कधी तिथल्याच नोंदीत मरतो. रोज दुचाकीवरून सातार्डा-बांद्याची हद्द ओलांडून गोव्यातल्या कारखान्यांत, हॉटेलांत जाणारी मुलंही आहेत. ती रात्री घरी झोपतात, म्हणून जनगणनेत वेंगुर्ल्याची. पण त्यांचा दिवस, पगार आणि खर्च गोव्यात. नकाशावरची राज्याची रेघ या गावाच्या जगण्याला कधीच नीट लागू पडली नाही. चिपीचा विमानतळ याच तालुक्यात २०२१मध्ये सुरू झाला, पण २०२३पासून गोव्याचा मोपा विमानतळ तासाभरावर आहे आणि पर्यटक तिथेच उतरतो.

गावाची जुनी घडण जात-धर्माच्या अंगाने पाहिली तर किनाऱ्याला गाबीत, माडांच्या बागांतून भंडारी, पेठेत वैश्यवाणी आणि सारस्वत, आतल्या वाड्यांत मराठा, कुडाळदेशकर, देवळी, महार आणि चांभार वस्त्या, शिवाय जुनी ख्रिस्ती आणि मुसलमान घरं. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने इथे दवाखाना काढला, सेंट ल्यूक्स. तिथल्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. या सगळ्या समाजांचे आकडे मात्र आपल्याकडे नाहीत. जातवार मोजणी शेवटची १९३१ची. त्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. सिंधुदुर्गात २०११मध्ये अनुसूचित जाती साडेसहा टक्क्यांच्या आसपास आणि जमाती एका टक्क्याहूनही कमी होत्या. उरलेल्या बहुसंख्य लोकांबद्दल बोलताना प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अंदाज फेकतो. गाबीत समाजाची पारंपरिक रापणीची मासेमारी यांत्रिक नौकांपुढे मागे पडली, तरुण त्या धंद्यातून बाहेर पडले, हे किनाऱ्यावर कुणीही सांगेल. किती घरं बाहेर पडली हे मोजल्याशिवाय त्यांच्यासाठी काही ठरवता येत नाही. जातींचा आकडा राजकारणाला इंधन पुरवतो हे खरं. तरीही तो हवा, असं माझं मत आहे, कारण त्याच्या अभावी अंदाजावर चालणारं राजकारण थांबलेलं नाही.

लोकसंख्या घटली की आवाजही घटतो. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे. ते, त्यांच्यानंतर मधू दंडवते आणि पुढे सुरेश प्रभू ज्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले तो मतदारसंघच २००८च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. २००१च्या जनगणनेवर आधारलेल्या त्या पुनर्रचनेत रत्नागिरी आणि राजापूर यांचा मिळून एकच रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला, आणि विधानसभेतल्या वेंगुर्ले मतदारसंघाचंही नाव गेलं. जागा गेल्या त्या ठाणे-पुण्याकडे, म्हणजे जिथे इथली माणसं गेली तिथे. माणसामागे मत हे तत्त्व योग्यच आहे. पण डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या असलेल्या प्रदेशात एका आमदाराला किती मुलूख फिरावा लागतो, याचा विचार पुढच्या पुनर्रचनेत व्हायला हवा. २०११मध्ये सिंधुदुर्गाची घनता दर चौरस किलोमीटरला १६३ होती, राज्याची ३६५.

पैशाचंही तसंच. वित्त आयोगाचा निधी, अन्नसुरक्षेतल्या लाभार्थ्यांचा कोटा, पाणी योजनेची क्षमता हे सगळं आजही २०११च्या आकड्यांवर चालतं, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. वेंगुर्ल्यासारख्या गावाला पाणी आणि कचरा हाताळावा लागतो तो मुक्कामी लोकांचा, शिवाय चतुर्थीला येणाऱ्यांचा, मे महिन्यातल्या पाहुण्यांचा आणि डिसेंबरच्या पर्यटकांचा. तरीही या नगरपालिकेने घराघरांतून कचरा वेगळा करून घेण्याची जी शिस्त लावली तिचं कौतुक राज्यभर झालं. लहान शहराला हे जमलं, यात लहानपणाचाच वाटा मोठा होता. घरं ओळखीची, सफाई कामगार ओळखीचे, कोण चुकलं ते संध्याकाळपर्यंत कळतं. अशीच ओळख माणसांची यादी ठेवायलाही उपयोगी पडेल.

पुढची जनगणना जाहीर झाली आहे. प्रमाण वेळ १ मार्च २०२७, त्याआधी घरयादी, माहिती मोबाइलवर भरली जाणार आणि या वेळी जातही विचारली जाणार. मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच आणि शिमगा त्यानंतर, त्यामुळे चाकरमानी पुन्हा मुंबईतच मोजला जाईल. मागच्या वेळी स्थलांतराचे तक्ते बाहेर यायला २०१९ उजाडलं होतं, म्हणजे आठ वर्षं. तोवर ते इतिहासात जमा झाले होते. या वेळी ते दोन वर्षांत आणि प्रभागवार मिळावेत, असा आग्रह नगरपालिकांनी आत्तापासून धरायला हवा. जनगणनेच्या तक्त्यांत तीन रकाने पाहायचे: साठीवरचे किती आणि त्यांतले एकटे राहणारे किती, रिकामी आणि कुलूपबंद घरं किती, आणि जन्म दुसऱ्या राज्यात झालेले किती. बायकांचं काम लिहिताना प्रगणकाने ‘घरकाम’ असं उरकून टाकू नये, काजूच्या कारखान्यात वर्षातले किती महिने जाता हे विचारावं, एवढं प्रशिक्षणात सांगता येईल. प्रगणक बहुधा गावातलेच शिक्षक असतात, त्यांना हे सगळं ठाऊक असतं.

चतुर्थीची गर्दी जनगणनेत येणार नाही, ती नगरपालिकेने स्वतः मोजावी. त्या दहा दिवसांत एसटी किती जादा गाड्या सोडते, पाण्याच्या टाक्या दिवसात किती वेळा भरतात, कचरा किती गोळा होतो, या तीन नोंदी दरवर्षी होतच असतात. त्या एका वहीत आणल्या की गणपतीतलं वेंगुर्ले किती मोठं असतं ते कळेल, आणि पुढच्या पाणी योजनेच्या प्रस्तावाला जोडायला एक कागद हाती राहील.